बोटुकल्यांची मावशी

नदीकाठच्या वस्तीची ती मावशी. जन्मभर हातभर लांबीचे मासे विकणारी ही बाई उतारवयात बोटाएवढी पिल्लं धरून प्रयोगशाळेत पोचवू लागली, तेव्हा नवरा म्हणाला, "बोटुकल्यांची मावशी झालीस की गं." नाव चिकटलं ते चिकटलंच.

नदीच्या वळणाखाली लोखंडाला जस्ताचा मुलामा देणारा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्यामुळे तिथली मासेमारी बंद झाली. पुढे कारखाना गेला, बंदी मात्र राहिली. पाणी सुधारलंय का, हे आता पिल्लांनी सांगायचं होतं.

"मोठा मासा नदीभर भटकून आलेला असतो," तपासणाऱ्या ताईंनी समजावलं होतं. "पिल्लू फार लांब जात नाही. त्याच्या अंगात जे सापडेल ते तिथलंच."

पिल्लं निर्दोष ठरली तर मावशीला तिची मासेमारीची जागा परत मिळणार होती, आणि शहरात ओझी वाहणारा मुलगा घरी येणार होता. म्हणून तिने जीव ओतून कामाला हात घातला. वळणाखालची पिल्लं धरली, तुलनेसाठी वळणाच्या वरच्या अंगाचीही धरली. ताईंनी दिलेले प्लास्टिकचे डबे तिला अगदीच दरिद्री वाटले. माळ्यावरच्या ठेवणीतल्या दोन बादल्या काढून तिने घासूनपुसून लख्ख केल्या, रात्रभर पिल्लं त्यांत ठेवली आणि सकाळी नायिकेच्या थाटात प्रयोगशाळेत प्रवेश केला. ताई तेव्हा जागेवर नव्हत्या. शिपायाने पिल्लं उतरवून घेतली आणि मावशी रिकाम्या बादल्या मिरवत परतली.

निकाल ऐकायला गेली, तर ताईंचा चेहरा उतरलेला.

"मावशी, जस्त भरपूर आलंय."

मावशी मटकन स्टुलावर बसली. मुलाला काय सांगायचं?

"पण एक कळत नाही," ताई म्हणाल्या. "वळणाच्या वरच्या अंगाच्या पिल्लांतही तेवढंच आहे. तिथलं पाणी तर कधी बिघडलंच नव्हतं. आणलीत कशातून?"

"बादलीतून. लग्नातल्या आहेत, अजून ओरखडा नाही."

"कसल्या बादल्या?"

"जस्ताच्या," मावशी म्हणाली, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

ताईंनी कपाळ धरलं. मग दोघींना हसू आवरेना. "अहो, मी डबे दिले होते ना?"

"एवढ्या महत्त्वाच्या कामाला असल्या डब्यांतून पाठवायचं? माझ्या जिवाला बरं वाटेना."

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "सरकारने कारखाना बंद केला, तू माळ्यावर शाखा उघडलीस."

"अहो, टोमणे पुरे. उद्या जाळं धरायला चला."

या वेळी पिल्लं मुकाट्याने डब्यांतून गेली. निकाल आला: वळणाखाली जस्त किंचित जास्त, पण धोक्याच्या रेषेच्या बरंच खाली.

"लगेच बंदी उठणार नाही," ताई म्हणाल्या. "पुढच्या हंगामातली पिल्लंही अशीच निघाली, तर मी स्वतः शिफारस करीन."

"निघतील?"

"पाण्यातलं जस्त दर वर्षी उतरतंय, मावशी. मला तरी वाटतंय."

बाहेर येऊन मावशीने पायरीवरूनच मुलाला फोन लावला. "हे बघ, काम लगेच सोडू नकोस," ती म्हणाली. "पण ती नवी खोली भाड्याने घेणार होतास ना, तिचा लांब मुदतीचा करार काही करू नकोस."