कराड हरलं, पण कुणाकडून?

बिराजदार सर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांच्या हातात फूटपट्टी होती. मी सांगलीच्या एका दैनिकात क्रीडापानावर नवा होतो. जतच्या एका कॉलेजात खेळ शिकवणारे हे सडपातळ, उन्हानं रापलेले गृहस्थ सकाळच्या एसटीनं आले, माझ्या टेबलावर आमचाच अंक पसरला आणि नमस्कार-चमत्कार न करता मोजू लागले.

"कराडला सव्वीस सेंटिमीटर. आमाला किती, सांगा."

मी शोधलं. जतचं नाव कुठंच नव्हतं.

"काल आमी कराडला दोन गोलनं हरवलं," सर शांतपणे म्हणाले. "तुमचा मथळा काय, तर 'कराडची झुंज अपयशी'. खाली कर्णधाराची मुलाखत, त्याच्या आईची मुलाखत. कुणाशी झुंजले, ते न्हाई. ग्राउंडच्या भिंतीशी खेळले काय वो?"

मला हसू आलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. कराडकडचं ते कॉलेज मोठं. त्यांच्या फुटबॉल संघाचा फोटो छापला की अंक हमखास खपायचा. जतच्या संघाचे चाहते म्हणजे स्वतः सर आणि पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. आमचे संपादक स्पष्ट सांगायचे, "वाचक जिथं, बातमी तिथं."

सरांनी वाद घातला नाही. ते बातम्या पाठवू लागले. कराडच्या कर्णधाराचा घोटा मुरगळल्याचं आम्ही चार कॉलम छापलं, त्या दिवशी माझ्या व्हॉट्सॲपवर आलं, 'जतच्या गोलकीपरला सर्दी. चाहत्यांत चिंतेचे वातावरण.' कराडचा संघ नव्या बसमधून निघाल्याचा फोटो आला, तेव्हा, 'टँकर आल्याने जत संघाची अंघोळ. सर्व खेळाडू ताजेतवाने.' यातलं एक अक्षर कधी छापून आलं नाही, पण ऑफिसात सगळे त्याची वाट बघायचे.

एका हिवाळ्यात मात्र सर आले ते तोंड पाडून. संघाचा गोलकीपर मायाप्पा. त्याचा बाप मेंढपाळ. बापानं त्याला कॉलेजातून काढायचं ठरवलं होतं.

"तो म्हणतो, तीन वर्षं खेळतोय म्हणतोस, आन् पेपरात एकदाबी न्हाईस. म्हंजे नुसता हिंडतोस. चल मेंढरामागं." सर थांबले. "परवा सांगलीत फायनल हाय. पोराचं एकदा नाव येऊ द्या. जतचं नगं लिवू पायजे तर."

मी शब्द दिला.

फायनलला जत एका गोलनं पुढं होतं आणि अगदी शेवटी कराडला पेनल्टी मिळाली. मायाप्पानं ती अडवली. सर मैदानात धावले, एक चप्पल रेषेबाहेरच राहिली, ती त्यांना संध्याकाळपर्यंत आठवली नाही. मी मन लावून मोठी बातमी लिहिली, मायाप्पाचं नाव बापाच्या नावासकट घातलं.

सकाळी अंक उघडला. आयत्या वेळी एक जाहिरात आली होती आणि माझी बातमी गेली होती. उरला होता फोटो. डोकं धरून उभा असलेला कराडचा कर्णधार, आणि त्याच्या मागं कमरेपासून खाली मायाप्पा. फोटोखाली तीन शब्द : 'कराडचं स्वप्न भंगलं.'

सरांना फोन करायचं धाडस होईना. फोटोचं कात्रण घेतलं, मोटरसायकल काढली आणि थेट जत गाठलं. सरांनी फोटो बराच वेळ बघितला, घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्या मागं बसत म्हणाले, "चला, बापाकडं जाऊ."

मायाप्पाचा बाप मेंढरांच्या वाड्यापाशी बसला होता. मायाप्पा शेजारी नखं खात उभा. बापानं फोटो डोळ्यांजवळ धरला.

"ह्ये फेंगडे पाय आमच्याच घरातले," तो म्हणाला. "खाली काय लिवलंय ते वाचा, मला येत न्हाई."

सरांनी चष्मा लावला, त्या तीन शब्दांवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. मायाप्पाची झेप, टाळ्यांचा कडकडाट, प्रमुख पाहुण्यांनी पाठ थोपटली ते, वडिलांचे संस्कार. दहा मिनिटं झाली.

"येवढ्याशा जागेत येवढं बसलं?" बापानं विचारलं.

"अक्षर लय बारीक हाय," सर म्हणाले.

बापानं परत वाचायला लावलं. दुसऱ्या वाचनात मायाप्पानं आणखी दोन पेनल्टी अडवल्या. मी मेंढरांकडं बघत राहिलो.

शेवटी बाप उठला आणि फोटो पटक्यात खोचला. "खेळू दे मग. मेंढरं मी बघतो," तो म्हणाला. मायाप्पा तोंड फिरवून डोळे पुसायला लागला.

परतताना मी म्हणालो, "सर, तुम्ही सगळं मनाचं वाचलंत."

"मनाचं कसं? झालं तेच वाचलं. तुमी छापलं न्हाई, येवढंच."

"आणि त्या जादा दोन पेनल्टी?"

"त्या मागच्या वर्षीच्या. ऱ्हायल्या हुत्या."

दोन वर्षांपूर्वी सर गेले. मायाप्पा आता शाळेत खेळ शिकवतो. मी क्रीडापानाचा प्रमुख झालोय आणि बातमी लिहिताना आधी जिंकणाऱ्याचं नाव लिहितो. सांगायला फार साधं वाटतं, पण आमच्या धंद्यात ती सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.