कुंदाआत्याचा हवापालट

कुंदाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पंधराव्या वर्षी विधवा झाली, तेव्हा बाळापूरच्या सासरच्यांनी तिला अमरावतीला भावाच्या घरी आणून सोडलं, ते कायमचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, वकील, घरात माणसांची ये-जा फार. पहाटेच्या चुलीपासून रात्रीच्या विरजणापर्यंत सगळं आत्याच्या अंगावर. तिला सगळे ‘हक्काचं माणूस’ म्हणत. हक्क सगळे इतरांचे होते, ही गोष्ट निराळी. गोठ्यात दोन म्हशी होत्या, पण विधवेनं दूध मागायचं नसतं, आणि न मागता तिला ते कोणी दिलं नाही.

लग्नाला काही वर्षं झाली आणि माझ्या आईला, ताराला, क्षय झाला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. नागपूरहून मोठा डॉक्टर आणवला. तो म्हणाला, औषधानं काही व्हायचं नाही, हवापालट करा, समुद्रकाठी न्या, दूध भरपूर द्या. चिखलदरा जवळ होता, पण तिथला गारठा सोसणार नाही असं ठरलं. दसऱ्यानंतर हर्णैच्या बाजूला एका खेड्यात लहानसं कौलारू घर भाड्यानं घेतलं. सोबत कोण जाणार हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. आत्याच्या मागे ना नवरा, ना पोर. रोग लागलाच तर तिच्यासाठी कोणाचा संसार अडणार नव्हता. हे कोणी बोलून दाखवलं नाही, इतकी सभ्यता आमच्या घरात होती.

बडनेऱ्याच्या स्टेशनावर बैलांच्या दमणीतून त्यांना सोडायला आमचा गडी नत्थुजी गेला होता. तो आत्याला म्हणाला, “ताई, समुद्र पाह्यल्यावर आमाले सांगजा, कसा असते तो.” आईसाठी सगळे डोळे पुसत होते. आत्याशी बोलला तो हा एकटा.

अण्णा दोघींना पोचवून कोर्टासाठी परत आले. आणि तिथं, नारळाच्या वाडीतल्या त्या घरात, आत्याला जन्मात पहिल्यांदा सुटी मिळाली. दोघींपुरता स्वयंपाक, एक आजारी माणूस, बस. दुपारी ती ओटीवर चटई टाकून झोपायची. आमच्याकडे तिला दिवसा आडवं झालेलं कोणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी आई खुर्चीत बसायची आणि आत्या लाटांत उभी राहायची. ओल्या वाळूतून वर आली की आपले पाय पुन्हा पुन्हा बघायची. आमच्या काळ्या मातीतून ओला पाय काढला तर शेरभर चिखल बरोबर येतो. इथं पायाला काही चिकटतच नाही, याचं तिला भारी नवल वाटायचं. आई सांगायची, त्या किनाऱ्यावरच मला कळलं की वन्संना हसता येतं.

आईला दूध संपायचं नाही. भांडं अर्धं तसंच राहायचं. दूध टाकणं म्हणजे पाप, हे दोघींच्या हाडीमाशी खिळलेलं. आजाऱ्याचं उष्टं खाऊ नये हेही ठाऊक होतं, घरी आईचं ताट-वाटी वेगळीच होती. पण इथं बघणारं कोण होतं? एके दिवशी आईच म्हणाली, घ्या वन्सं, टाकायचं का ते? आत्यानं आढेवेढे घेतले आणि प्यायली. मग रोजच. तिच्या गालांवर तुकतुकी आली. डॉक्टर म्हणतील, एका खोलीत झोपूनही रोग लागला असता. असेल. पण आईनं ते कधी मानलं नाही.

पावसाआधी दोघी परतल्या. आई खडखडीत बरी. आत्यानं नत्थुजीला गोठ्यात बसून समुद्र सांगितला म्हणे, शेण वाळून जाईपर्यंत. पुढे वर्षा-दीड वर्षात मी जन्मले. माझं बारसं आत्यानंच उरकलं, आणि त्यानंतर तिला खोकला लागला.

तोच डॉक्टर आला, तेच बोलला. समुद्रकाठी न्या, उशीर करू नका.

अण्णा वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “न्यायचं खरं, पण तिच्याजवळ राहणार कोण?” आणि खरोखरच घरात तसं रिकामं माणूस उरलं नव्हतं. होतं ते एकच, आणि ते मागच्या खोलीत अंथरुणावर होतं. मला मांडीवर घेऊन बसलेली आई म्हणाली, मी जाते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि उन्हाळ्याच्या सुटीत बघू म्हणाले.

आत्या होळीआधीच गेली.

अण्णा ‘सुटीत बघू’ म्हणाले त्या संध्याकाळचं पुढचं मला आईनं फार उशिरा सांगितलं, तेव्हा तिचे केस पिकले होते. सगळं बोलणं आत ऐकू गेलं होतं. आत्यानं हाक मारली म्हणून आई मला कडेवर घेऊन दारापर्यंत गेली. आत्या म्हणाली, “वहिनी, लेकरू सोडून तुम्ही काहून येता? मी इथंच बरी आहे.”

“ती तसं म्हणाली आणि मला सुटल्यासारखं झालं गं,” आई म्हणाली. “ते माझ्या तोंडावर तिनं पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, दार ओढून घ्या वहिनी, लेकरू आहे कडेवर. मी ओढून घेतलं.”