शोधायच्या चौकटीत उमटलेलं नाव

मंडळी, आधीच सांगते... भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी. नर्सिंग, तेही फर्स्ट क्लास! डोळ्यांना दिसतं तेवढंच मी चार्टवर लिहिते. म्हणूनच हे लिहायला हात धजत नव्हता.

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातलं जुनं हॉस्पिटल आणि आमचं हरिशंकरपुरमचं, दोन्ही एक झाली तेव्हाची गोष्ट. दोन्हीकडची रेकॉर्ड्स एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणली जात होती. नाव नि जन्मतारीख जुळली की दोन फायलींची एक व्हायची.

भर दुपारी दर्पण कॉलनीतली गौरी मोहिते ॲडमिट झाली. तापानं फणफणलेली, शुद्ध अर्धवट. सोबत नवरा नि सासूबाई.

"कुठल्या औषधाची ॲलर्जी?"

"काहीएक नाही हो! लग्न झाल्यापासून साधी सर्दी झाली नाही तिला," सासूबाई म्हणाल्या. "आता पूछताछच करत बसणार, की सुई पण लावणार?"

डॉक्टरांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन लिहिलं होतं. टेस्ट डोस भरून ट्रेमध्ये तयार. स्क्रीनवर ॲलर्जीपुढे 'नोंद नाही'. पण 'नोंद नाही' म्हणजे 'त्रास नाही' असं नव्हे, हे मी ट्रेनी मुलींना कान पिकेपर्यंत सांगते. म्हणून लष्करच्या जुन्या रेकॉर्डमध्ये शोधायला बसले. टाइप केलं, गौरी मोहिते. मान वर करून बघते तर चौकटीत — मृणाल जगदाळे.

या नावाची एकही बाई मला माहीत नव्हती. खोडलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच!

"सिस्टर..." मागे गौरीचा नवरा उभा. चेहरा पांढराफटक. "ये नाम आपको किसने बताया?"

"कुणाचं आहे?"

"हिचंच... माहेरचं. लग्नात बदललं ना, तांदळात लिहून."

"अगं बाई, ते आता कोण घेतं!" सासूबाई पुटपुटल्या.

मी एंटर दाबलं. लष्करची फाइल उघडली. जन्मतारीख तीच. आणि वर लाल अक्षरांत — पेनिसिलीन, गंभीर रिॲक्शन, देऊ नये. सॉफ्टवेअर तरी काय करणार? आमच्यात मुलगी माप ओलांडते तेव्हा नाव मागेच सोडून येते, हे त्याला कोण सांगणार!

ट्रे बाजूला सारला, डॉक्टरांना बोलावलं. औषध बदललं. दोन दिवसांत गौरी उठून बसली, चहा मागू लागली.

आयटीवाल्या गुप्ताजींना मी गाठलं. त्यांनी सगळं तपासलं नि हसले. "मॅडम, टाइप तो आपने ही किया है. आयडी आपकी है. दोनों बार."

हसू देत. पण मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि अडून बसले. आता ॲडमिशनच्या वेळी प्रत्येक बाईला 'लग्नाआधीचं नाव' विचारतात. कितीतरी तुटलेल्या फायली त्यामुळे जुळल्या. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी गौरीनं माझा हात धरला. "सिस्टर, एकदा त्या नावानं हाक माराल? आई गेल्यापासून कुणी मारलीच नाही."

"मृणाल," मी म्हटलं. ती लहान मुलीसारखी हसली.

बोटं माझी होती, आयडी माझा होता... नाव कुठून आलं, ते मला आजही माहीत नाही.