गल्लीतला पहिला टीव्ही आणि माझा एक प्रश्न

मला टीव्हीची अजिबात आवड नाही, तरी आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी मी टीव्ही घेतला.

मी कमलनगरला मराठी शाळेत शिक्षिका होते. लग्न राहून गेलेलं, आई वारलेली, भाऊ उदगीरला. दिवसभर पोरांवर ओरडणाऱ्या बाईला संध्याकाळी ‘चहा घेता का?’ असं विचारायला कुणी नसायचं. शाळा सुटली की घर खायला उठायचं. टीव्ही आला आणि पहिल्याच गुरुवारी माझ्या सतरंजीवर पाय ठेवायला जागा उरली नाही! कुणी पोरं घेऊन येई, कुणी निवडायची डाळ. मला रोज दिवाळी वाटायची.

दर गुरुवारी एक विनोदी मालिका लागायची. दोन शेजारणी, दोघींत एक दोरी, आणि तिच्यावर कपडे कुणी वाळत घालायचे यावरून भांडण. आमच्या गल्लीतही अशाच दोघी होत्या, रुक्मिणकाकू आणि शरणम्मा अक्का. त्यांचं भांडण मोरीच्या पाण्यावरून असे (ते कुणाच्या दारातून जावं हे तहसीलदारालाही ठरवता आलं नसतं!). काकू डाव्या भिंतीला बसत, अक्का उजव्या. दोघी पोट धरून हसत. पडद्यावरची कजाग बाई म्हणजे समोरच्या भिंतीची, अशी दोघींची खात्री होती. मालिका उत्तम आहे यावर त्यांचं एकमत होतं, आणि मी सुखात होते.

पण मास्तरकीची खोड! एका गुरुवारी भाग संपला, मी टीव्ही बंद केला आणि उभं राहून विचारलं, “तर मग, यातून आपण काय शिकलो?”

“शेजारणीनं कसं वागू न्हाई, ते,” काकू उजव्या भिंतीकडं बघत म्हणाल्या.

“मला बगून कामून बोलायलीस?” अक्का उठल्या. “ती भांडकुदळ तर तूच हाईस!”

“आगं, ती तुज्यावानीच कंबरंवर हात ठिवून हुबी राहायलीय!”

“अहो, दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे,” मी म्हणाले. (वर्गात हे वाक्य हमखास चालतं.)

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, मग माझ्याकडं!

“म्हंजी आमचंच दाखवायलेत म्हणा की,” काकू सावकाश म्हणाल्या. “अक्का, उन्हाळ्यात बाई मुंबईला गेल्त्या न्हाई का?”

“व्हय की! तितंच टीव्हीवाल्यास्नी सांगून आल्या आसतील!”

“अहो, मी डोळे दाखवायला गेले होते!”

“कामून? उदगीरला डोळ्याचे डाक्टर न्हाईत?”

दोघी एकमेकींचा हात धरून बाहेर पडल्या, आणि त्यांच्यामागून डाळीच्या ताटांसकट सगळी गल्ली. मोरीचा वाद त्याच आठवड्यात मिटला. मला नावं ठेवण्यातून दोघींना त्यासाठी सवडच मिळेना.

पुढच्या गुरुवारी मी सतरंजी झटकून अंथरली, मोठ्या पातेल्यात चहा टाकला. कुणी आलं नाही. किराणा दुकानाच्या अण्णांनीही टीव्ही घेतला होता, सगळे तिकडं! मी एकटीच बघत बसले. पडद्यावर दोरी तुटली, कपडे चिखलात पडले, मला हसू फुटलं. पण रिकाम्या घरात आपलंच हसणं असं काही घुमलं की मी दचकून गप्प झाले. तेवढ्यात अण्णांच्या घरातून सगळ्यांच्या हसण्याचा आवाज आला. खरं सांगते, मी पदरात तोंड लपवून रडले. पातेलंभर चहा मोरीत ओतला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी लाज गुंडाळून ठेवली आणि अण्णांच्या दारात जाऊन उभी राहिले. काकू आणि अक्का एकाच भिंतीला टेकून बसल्या होत्या. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, काकूंनी अक्कांकडं.

“या, बसा बाई,” अक्का सरकत म्हणाल्या. “पर काई इचारायचं न्हाई!”

“आन् रिकाम्या बसू नका,” म्हणत काकूंनी माझ्या मांडीवर डाळीचं ताट ठेवलं.

अण्णांच्या टीव्हीवर निम्मा वेळ मुंग्याच दिसायच्या. माझा रंगीत होता, चित्र आरशासारखं स्वच्छ. पुढं कितीतरी वर्षं मी गल्लीतल्या सगळ्यांत चांगल्या टीव्हीला कुलूप घालून दुसऱ्याच्या घरी मुंग्या बघायला जात होते!