तोंडाने मालवणी, हातांनी इंग्रजी

"तुमच्या वर्गात चालतं तरी काय?" असं कोणी विचारलं की मी सांगते, "गप्पा!" समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. कारण आमच्या निम्म्या मुलांना बोलता येत नाही आणि उरलेल्यांचं बोलणं घरच्यांशिवाय कोणाला कळत नाही. पण किस्से म्हणाल तर काजूच्या बोंडांसारखे! पाडायला जावं लागत नाही, आपसूक खाली पडलेले असतात. वेचायला तेवढी सवड पाहिजे.

मालवण तालुक्यातल्या कट्टा गावच्या बाजारात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर आमचा वर्ग आहे. शिकवायला आम्ही दोघी, मी आणि फिलोमिना टीचर. टीचरचं माहेर गोव्याचं, सासर इथलं, आणि आवाज दोन्हीकडे पोचेल एवढा.

*

सुरुवातीला शहरातून एक मॅडम ट्रेनिंग द्यायला आल्या होत्या. सोबत जाडजूड पुस्तक. इंग्रजी बोलता बोलता प्रत्येक शब्दाची हाताने खूण करायची, म्हणजे मुलाला वाक्य कानाबरोबर डोळ्यांनीही मिळतं. प्रत्येक शब्दाची म्हणजे प्रत्येक! 'इज'ची खूण वेगळी, 'ऑन'ची वेगळी, 'द'ची वेगळी.

टीचर एकदम सिन्सिअर. दुसऱ्याच दिवशी आमच्या रोहनसमोर उभ्या राहिल्या आणि एकेक खूण करत म्हणाल्या, "प्लीज... सिट... डाऊन... ऑन... द..."

'द' येईपर्यंत रोहन खुर्चीवर बसला, उठला, पाणी प्याला आणि खिडकीतून एसटी बघायला गेला. टीचरनी हात खाली टाकले. "गो बाई, माझी चेअर येयपर्यंत ह्यो वेंगुर्ल्याक पोचतलो!"

त्या दिवसापासून आम्ही मुख्य शब्दांपुरत्याच खुणा ठेवल्या. तोंडाने मालवणी बोलायचं आणि हातांनी त्या इंग्रजी पुस्तकातल्या खुणा करायच्या. मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

*

त्या पुस्तकात माशाला खूण एकच. तळहात उभा धरून शेपटीसारखा हलवायचा, झाला फिश! आता ही एक खूण घेऊन मालवण तालुक्यात कोण जगणार?

रोहनला मी डब्यातलं कालवण दाखवून 'फिश' केलं. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. मग दोन बोटं ओठांवर मिशांसारखी वळवून दाखवली. सुंगटं, म्हणजे कोळंबी! हात आडवा पसरून दाखवला, तो पापलेट. बांगड्याला त्याने काय केलं ते कागदावर सांगणं कठीण आहे, पण बघणाऱ्याला भूक लागते.

टीचरनी पुस्तक उघडून 'फिश'च्या चित्राशेजारी पेन्सिलने टीप लिहिली : "रोहनला विचारा."

*

आता मुक्ता. वय सात, डोळे तल्लख, तोंडातून शब्द एकही नाही. आमच्याकडे आली आणि दोन महिन्यांत हातांनी अशी बोलायला लागली की तिला गप्प करायला खूण शोधावी लागली!

पण घरी आबा होते, तिचे आजोबा. काजूची मोठी बाग, गावात मान. देवळात गाऱ्हाणं घालायचं ते आबांनीच. म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचं आणि गावाने मागून "होय म्हाराजा" म्हणायचं. असा आवाजाचा माणूस आणि नात मुकी. त्यांनी घरात हुकूम काढला, हातवारे बंद!

मी भेटायला गेले तर म्हणाले, "बाईनू, हातान काम भागला तर चेडू तोंड कित्याक उघडतला? जत्रेपर्यंत एक तरी शब्द बोलाक व्हयो. नाय बोलला तर तेका तुमची शाळा बंद."

"आबानू, खुणा केल्याने बोलणं थांबत नाही. झाली तर मदतच होते."

"ता तुमच्या पुस्तकात."

घरी जाऊन मी रडले, खोटं कशाला सांगू? राग आला म्हणून रडले आणि त्या माणसाला वाटणारी भीती अगदीच खोटी नाही हे कळत होतं म्हणूनही. मुक्ता कधी बोलेल की नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होतं!

*

एकदा आबा स्वतः तिला न्यायला आले. बाकावर बसले. तोंडात पानाचा भलामोठा विडा.

टीचरनी विचारलं, "आबानू, चाय घेतल्यात?"

आबांनी पंजा हलवला. गालाकडे बोट दाखवलं. अंगठा ओठांशी नेला. मनगटावर टिचकी मारली, मुक्ताकडे मान वळवली आणि शेवटी दाराकडे हात केला.

टीचर वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चाय नको, तोंडात पान आसा, पाणी द्या, बसची येळ झाली, चेडवाक सोडा, आमी जातो. सगळा समाजला! आबानू, आमच्या वर्गात ॲडमिशन घेतल्यात?"

आबा उठले, गॅलरीत जाऊन थुंकून आले आणि म्हणाले, "ता येगळा!"

*

मग ओरोसहून, जिल्ह्याच्या कचेरीतून, एक साहेब तपासणीला आले. साहेब बोलायला उभे राहिले आणि त्याच क्षणी खालची गिरण सुरू झाली! आमच्या माडीवर गिरण चालू असताना कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. मुलांचं मात्र काही अडत नाही. इकडे रोहन मुक्ताला डब्यात काय आहे ते विचारतोय, ती सांगतेय, आणि साहेबांचं नुसतं तोंड हलतंय.

शेवटी मुक्ता उठून साहेबांपुढे गेली आणि दोन्ही तळवे खाली दाबून दाखवले. गिरण थांबली तेव्हा साहेबांनी विचारलं, "ही मुलगी मला काय म्हणाली?"

"बसा म्हणाली, सर."

साहेबांनी खाली पाहिलं. "बसलोच की मी!"

हा किस्सा मी धावत जाऊन आबांना सांगितला. वाटलं, आता तरी विरघळतील. आबा थोडे हसले. मग म्हणाले, "सायबाक कळला, बाईनू. देवाक कळतला काय?"



*

जत्रेचा दिवस आला. मुक्ता अजून एक शब्द बोलली नव्हती. तिच्या आईने निरोप पाठवला, "चेडू उद्यापासून येवचा नाय. आज देवळात तरी येवा." मी आणि टीचर दोघी गेलो.

सकाळची वेळ, सभामंडप गच्च भरलेला. आबा नारळ पुढ्यात ठेवून उभे राहिले आणि तो आवाज सुटला.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत. काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो पोटापाण्यासाठी परमुलखात गेलो, तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि बा म्हाराजा... माझ्या घरात एक चेडू आसा... तेका..."

पुढे आवाज नाही. आबांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. डोळे भरून आलेले. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा काही नाही. सगळं गाव खोळंबलं. आबांचं गाऱ्हाणं असं अडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

आमच्या वर्गात एखाद्या मुलाला शब्द सापडेना झाला की आम्ही त्याच्यासमोर उभ्या राहतो, त्याचे हात आपल्या हातात घेतो आणि त्याच्याच हातांनी ती खूण करून देतो.

मुक्ता आईचा हात सोडून पुढे गेली. आबांच्या समोर उभी राहिली. त्यांचे दोन्ही हात धरले. एकाचा तळवा उघडला, दुसऱ्याची मूठ वळून त्यावर ठेवली आणि दोन्ही हात हळूच वर उचलले. 'मदत कर.' मग तिने हात सोडले.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. देवाकडे वळले. आणि तळव्यावर मूठ ठेवून तीच खूण स्वतः पुन्हा केली, डोक्याच्याही वरपर्यंत.

आणि मग माझ्या शेजारून, गळ्यात क्रूस घातलेल्या आमच्या फिलोमिना टीचरनी सगळ्या गावाच्या आधी आवाज दिला, "होय म्हाराजा!"