मीटरसाहेबांनी काय वाचलं

भाऊचं केस कापायचं दुकान म्हणजे दोन खुर्च्या, एक लांब बाक आणि अखंड गप्पा. पण खरं ते सांगितलं पाहिजे, त्या दुकानातली कोणाची भानगड भाऊच्या तोंडून कधी बाहेर गेली नाही. गालाला साबण लागला की माणसं फार मोकळी होतात हो. कोणाचं लग्न मोडायला आलंय, कोण टोप घालतो, कोणाला झोप लागत नाही, सगळं भाऊच्या पोटात जमा. त्याची बायको वैतागून म्हणायची, "मी तुमची गिऱ्हाईक असते तर निदान माझं ऐकून तरी घेतलं असतं." यावरही तो नुसता हं म्हणायचा.

मीटरसाहेब त्याच जातकुळीतले. साहेब-बिहेब काही नाही. घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे टिपण्यात जन्म गेला, म्हणून दुकानानेच त्यांना ही पदवी बहाल केलेली. लोकांच्या जिन्याखाली, न्हाणीघरामागे, कुठे कुठे शिरले असतील, पण आत काय पाहिलं ते कधी सांगितलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणत, "मीटर पाहिला." विषय संपला.

दाढी आठवड्यातून एकदा, पण हजेरी रोज सकाळी. खिडकीशी बसायचं आणि अख्ख्या दुकानाला पेपर वाचून दाखवायचा. सुरुवात कुठून, तर आतल्या पानाच्या कोपऱ्यातून. तिथे 'कालच्या अंकात चुकून असे छापले गेले' अशी चौकट असायची, ती आधी. "काल काय चुकलं ते सांगतायत ना, मग आजचं वाचायला हरकत नाही," असं म्हणून मगच पहिलं पान. बापाच्या जागी मानावं तर थट्टा फार चालायची, मित्र म्हणावं तर भाऊने कधी 'अहो' सोडलं नाही. नातं काय म्हणायचं ते म्हणा, पण ते दार ढकलून आत आल्याशिवाय भाऊचा हात कैचीवर धड बसत नसे.

मग तो पेपर बंद पडला. दुकान सुनं सुनं झालं, म्हणून भाऊने हौसेने एक टॅब घेतला. त्यात बातम्यांचं फुकटचं अ‍ॅप घातलं. उघडलं की एकामागून एक चौकटी यायच्या, हे मान्य आहे का, ते मान्य आहे का. दाढी चालू असताना गिऱ्हाईक कशालाही हूं हूं करतं, तसा भाऊ प्रत्येक चौकटीला 'मान्य' म्हणत गेला. वाचायची तसदी घेतली असती तर बिघडलं असतं का काही? पण नाही. पुढे काय वाढून ठेवलंय हे कोणाला माहीत असतं म्हणा.

मीटरसाहेबांनी टॅब उलटापालटा करून पाहिला. "यात चुकीची चौकट कुठे असते?" कोणालाच सापडली नाही. तरी ते वाचू लागले. हळूहळू दुपारीही येऊ लागले. दुपारी दुकान रिकामं असतं, भाऊ खुर्चीतच डुलक्या काढतो. ते खिडकीशी टॅब घेऊन एकटेच बसत, ओठ न हलवता वाचत. ते काय वाचतात हे भाऊने कधी डोकावून पाहिलं नाही.

एका रविवारी दुकान खच्चून भरलेलं. मीटरसाहेब खुर्चीत, अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस. शेजारचा चष्मेवाला बाकावर टॅब घेऊन बसला होता. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. "अरे, हे काय चाललंय?" म्हणून तो मोठ्याने वाचायला लागला. "'ज्येष्ठांसाठी सुखाचं घर, नळाला गरम पाणी, डॉक्टर हाकेच्या अंतरावर.' खाली बघा, दुसरा वृद्धाश्रम. त्याच्याखाली तिसरा. भाऊ, गाठोडं कोण बांधतंय?"

हशा झाला. तू बांधतोयस, नाही तू, अशी टोलवाटोलवी झाली. मग चष्मेवाला म्हणाला, "चेष्टा नाही हो, कोणीतरी इथे बसून शोधल्याशिवाय हे येत नाही." दुकानात म्हाताऱ्या वयाचा माणूस एकच होता. एकेकाचं हसू आटलं. भाऊने आरशात पाहिलं तर मीटरसाहेब आरशातून त्याच्याकडेच बघत होते. नजरेत राग असता तर परवडलं असतं. 'तूसुद्धा?' एवढंच होतं त्या नजरेत. दुपारी दुकानात त्यांच्याखेरीज एकटा भाऊच तर असायचा, म्हणजे त्यानेच डोकावून बघितलं आणि बाहेर सांगितलं, असं त्यांनी धरलं. उरलेली दाढी निमूटपणे करून घेऊन ते गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. तोवर मीटरसाहेबांचा मुलगा बापाला घराबाहेर काढतोय अशी बोंब सगळ्या रस्त्यावर झाली होती, आणि ती त्यांच्या घरापर्यंत पोचली नसेल असं कोण म्हणेल?

भाऊचा जीव खालीवर. टॅब काखोटीला मारून तो भाचीकडे गेला. ती दिवसभर कचेरीत संगणकापुढे बसणारी. तिने जरा चाचपून सांगितलं, "मामा, तुम्ही काय उघडता, कशावर किती वेळ थांबता, हे सगळं टिपून ठेवतात आणि जाहिरातवाल्यांना विकतात. मग जो कोणी टॅब हातात घेईल त्याला त्याच जाहिराती."

"आणि विचारायचं नाही? असं कसं?"

"विचारलं होतं. तुम्ही 'मान्य' म्हणालात."

भाऊचं तोंड एवढंसं झालं. त्याने तिच्याकडून टॅबमधलं सगळं पुसून घेतलं, ते अ‍ॅप उपटून काढलं. आणि इथे त्याची अक्कल शेण खायला गेली. तेव्हाच उठून मीटरसाहेबांच्या दारात जायला हवं होतं. पण याने ठरवलं, रिकाम्या हाताने जायचं नाही. आधी कोणाच्या मागावर न राहणारं बातम्यांचं ठिकाण शोधायचं, टॅब त्यांच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, चला, आता वाचा निवांत.

शोधणं काय सोपं होतं? एक ठिकाण फुकट, पण आत शिरायच्या आधी फोन नंबर मागायचं. एकाच्या मथळ्यात आग आणि आत नुसता धूर. एक दिसायला सभ्य, पण भाचीने तपासलं तर बातमी एक आणि मागून डोकावणारे ढीगभर. "तुमचे खासगीपण आम्हाला फार मोलाचे" असं लिहिणारे तर सगळ्यांत भोचक निघाले. भाऊ बोट दाखवायचा, भाची मान हलवायची. आणि तिने मान्य केलं तरी भाऊचं समाधान व्हायचं नाही, कारण तो आधी चुकीची चौकट शोधायचा.

शेवटी सापडलं. चार-पाच बातमीदारांनी मिळून चालवलेलं, वाचकांच्या वर्गणीवर. जाहिरात नाही. वाचायला नाव लागत नाही, नंबर लागत नाही. काय ठेवतो आणि काय ठेवत नाही हे सरळ भाषेत लिहिलेलं. आणि पहिल्याच पानावर, वरती, 'आमचे चुकले' अशी चौकट. ती बघून भाऊला इतका आनंद झाला की गिऱ्हाइकाला अर्धवट भादरलेलं सोडून तो निघाला.

दार मुलाने उघडलं. म्हणाला, "बाबा इथे राहत नाहीत आता. दुसरीकडे गेलेत, बरे आहेत."

"कुठे?"

"ते कोणाला सांगायचं नाही म्हणालेत. सलूनमध्ये तर अजिबातच नाही."

"त्यांना एवढंच सांगा, मी बोललो नव्हतो कोणाला."

"तो विषयही काढायचा नाही, असं बजावून गेलेत." मुलगा तसा नीटच बोलला, पण दार हळूहळू लोटत होता.

भाऊ तसाच परत आला. दुकानात या नव्या ठिकाणच्या बातम्या सुरू झाल्या. आता मोठ्याने वाचायचं काम भाऊकडे. तो अडखळत वाचतो, मध्येच थांबून दाराकडे बघतो, आणि गिऱ्हाइकं कुरकुरतात की यात सिनेमातल्या भानगडी का नाहीत. तो म्हणतो, "हव्या असतील तर आपापल्या फोनवर बघा." आठवण फार येते. एवढा बाप्या माणूस, पण दुपारी खिडकीकडे बघवत नाही म्हणून पडदा ओढून घेतो.

भाचीला त्याची ही दशा बघवेना. एका दुपारी दुकानात येऊन म्हणाली, "मामा, टॅब आपण पुसला, पण तुमचं जुनं खातं त्या अ‍ॅपच्या कंपनीकडे अजून आहे. आत गेलं की साहेबांनी वृद्धाश्रमांची कोणकोणती पानं उघडली, कुठलं पुन्हा पुन्हा बघितलं, सगळं दिसेल. पत्ता मिळेल."

भाऊने हातातला कंगवा खाली ठेवला. तिने खातं उघडलं. 'आपण आजवर वाचलेले' असं पडद्यावर आलं, त्याच्याखाली एक निळं बटण. एक बोट टेकवायचं काम. संध्याकाळी बस पकडली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो मीटरसाहेबांसमोर उभा राहिला असता. त्याला तेच हवं होतं, आणखी काहीही नको होतं. बोट बटणापर्यंत गेलंही.

मग त्याने टॅब मांडीवर पालथा घातला.

"सगळं खातंच बंद करून टाक."

"मामा, वेडे आहात का? परत मिळणार नाही."

"मी नव्हतं बघितलं ते. त्यांना वाटतं बघितलं. आत्ता बघितलं तर त्यांचंच खरं होईल ना गं?"

तिने खातं बंद करायला घेतलं. नक्की बंद करायचंय का, खरंच नक्की का, असं दोनदा विचारून झालं. मग पडदा पांढरा झाला आणि मधोमध अक्षरं आली: 'तुम्ही निघालात. आम्हाला तुमची आठवण येईल.'

भाऊने ती अक्षरं अडखळत मोठ्याने वाचली.

"ते सगळ्यांनाच म्हणतात, मामा."

"म्हणू देत," भाऊ म्हणाला. "मला तेवढंही म्हणता आलं नाही."