आकड्यांचा पत्ता

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळत आलो. बायकोलासुद्धा अर्धीच सांगितली, आणि त्या अर्ध्यात माझा दोष नव्हता.

हवाई दलातून निवृत्त झाल्यावर आम्ही चंदीगडलाच राहिलो. एका कार्यालयात मी संगणक विभागाचं काम बघायचो. तिथे प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड एकाच सर्व्हरवर असायचे, त्याला आम्ही डिरेक्टरी म्हणायचो. हजेरी लावा, रजा टाका, फाईल उघडा, प्रत्येक मशिन आधी डिरेक्टरीला विचारायचं, हा माणूस आपला का. पण त्याआधी डिरेक्टरी तरी खरी आहे का, हे बघायला हवं. ती आपलं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्रच, पुढे करते. ते विश्वासाच्या ठिकाणाहून आलंय का, मुदत आहे का, आणि आपण ज्या नावानं हाक मारली तेच नाव त्यावर आहे का, एवढं तपासायचं असतं.

सर्व्हर नव्या मशिनवर हलवला तेव्हा सर्टिफिकेट जुन्याच नावाचं राहिलं. जोडणी होईना. मी घड्याळं तपासली, सर्व्हर बंद करून चालू केला, आणि शेवटी सगळ्या मशिनवर जाणाऱ्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलली: सर्टिफिकेट तपासू नका. सगळं चालू झालं. सोमवारी नीट करू म्हटलं. तो सोमवार कधी आला नाही. आयुष्यभर गार्डरूममध्ये ओळखपत्र दाखवून आत गेलेल्या माणसानं हे केलं.

मग ती आली. सांगलीकडची, नवरा फौजेत, त्याची नेमणूक सीमेवर. सेक्टर बावीसमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि तिची छोटी मुलगी राहायच्या. आमच्याकडे ती कंत्राटावर होती आणि महिनाअखेरीला कंत्राट वाढणार की नाही ते ठरणार होतं. खोल्यांचं भाडं आणि मुलीची शाळा त्याच पगारावर होती. पहिल्याच आठवड्यात तिनं माझी ओळ शोधून काढली.

"काका, हे कुणी केलंय?"

"असेल कुणीतरी. जुनं आहे."

"उद्या कुणी दुसरंच मशिन डिरेक्टरी म्हणून उभं केलं, तर सगळ्यांचे पासवर्ड त्याच्या हातात आयते. असं कसं चाललंय हो इथं?"

"चाललंय ना? मग झालं तर," मी म्हणालो. ती हसली, पण सोडलं नाही. नव्या नावाचं सर्टिफिकेट मिळवलं, आणि ते खरं म्हणून ओळखता यावं यासाठी ते देणाऱ्याची खूण मशिन-मशिनवर बसून भरली. शनिवारी सुट्टीत तपासणी पुन्हा चालू करायची ठरली. शुक्रवारी ती माझ्या टेबलाशी आली.

"मागच्या इमारतीतल्या हजेरीच्या मशिनमध्ये डिरेक्टरीचा पत्ता सेटिंगच्या आतल्या खिडकीत आहे, आणि तिचा पासवर्ड फक्त तुमच्याकडे. तिथं नावच घातलंय ना? आकडे नाहीत?"

आकडेच होते. एकदा नावानं जोडणी होत नव्हती म्हणून मी सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता तिथे घातला होता. तो मला लख्ख आठवत होता. पण त्याच आठवड्यात मी तिच्यासमोर विभागातल्या दोन मुलांना झापलं होतं, आकडे घालणं म्हणजे आळशीपणा म्हणून. सर्टिफिकेटवर नाव असणार, आकडे नसणार, म्हणजे तपासणी सुरू होताच ते मशिन अडणार, हेही मला कळत होतं.

"नावच आहे," मी म्हणालो. "पक्कं."

मनात होतं की शनिवारी सकाळी आपणच गुपचूप जाऊन बदलून येऊ. सकाळी जुन्या सोबत्यांचा फोन आला, पिंजौरला जेवायला चल. मी गेलो. पराठे खाल्ले, विमानांच्या गप्पा मारल्या. मशिनची आठवण परतीच्या बसमध्ये झाली, आणि वाटलं, सोमवारी लवकर जाऊ.

सोमवारी मी पोचलो तेव्हा मागच्या इमारतीच्या व्हरांड्यात माणसं खोळंबली होती. हजेरी लागत नव्हती. आमचे साहेब तिच्यासमोर उभे होते.

"मॅडम, चलती चीज़ को क्यों छेड़ा?"

"सर, एक मिनिट, मैं देख रही हूँ..."

"देखना पहले था ना जी." मग माझ्याकडे वळून, "आपके टाइम में तो कभी बंद नहीं हुआ?"

तेव्हाच सांगता आलं असतं. सगळे होते, ती होती, आणि एक वाक्य पुरलं असतं.

"नहीं सर," मी म्हणालो. "चलता तो था."

खुर्चीवर बसलो आणि त्या मशिनपुरती तपासणी परत बंद केली. हजेरी लागायला लागली. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तजुर्बा इसे कहते हैं." मी हसलो. मला ते आवडलं होतं, हेही लिहून टाकतो.

ती माझ्या मागे उभी होती. आतली खिडकी पडद्यावर तशीच उघडी होती.

"काका, इथं तर आकडे आहेत," ती हळू म्हणाली.

"असतील बाई. विसरलो असेन."

तेव्हापासून तिनं मला काका म्हणणं सोडलं, सर म्हणू लागली. महिनाअखेरीला कंत्राट वाढलं नाही. साहेब म्हणाले, लडकी अच्छी है, पर जल्दबाज़ है. मी मान हलवली.

ती सामान आवरत असल्याचं कळलं तेव्हा मी सेक्टर बावीसला गेलो. माफी मागायलाच गेलो होतो. खोलीभर खोकी होती. तिनं पोहे केले, लिंबू नाही म्हणून ओशाळली. पोरीला म्हणाली, आजोबांना पाणी दे. पोरगी म्हणाली, "मम्मा, ग्लास तो पैक हो गए." आम्ही हसलो. मग मी ट्रकवाला कोण, सांगलीत शाळेत प्रवेश मिळेल का, असलंच बोलत राहिलो. ती नीट उत्तरं देत होती. मध्ये एकदा हातातलं खोकं बाजूला ठेवून माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटतं, तिनं मला बोलायला जागा करून दिली होती. मी बशी खाली ठेवली आणि म्हणालो, चलतो, ऊन वाढेल.

पुढे दर दिवाळीला तिचा शुभेच्छांचा निरोप येत राहिला. मी 'तुलाही' एवढंच उत्तर पाठवायचो. दोन वर्षांपासून तोही येत नाही, आणि तिचा नंबर लागत नाही.

त्या खोलीत बोलायचं होतं ते इतकंच होतं: पोरी, ते आकडे मी घातले होते. तू विचारलंस तेव्हा मला आठवत होते. साहेबांसमोर मी तुझ्यावर आळ येऊ दिला, आणि तुझं काम गेलं ते माझ्यामुळे. तुझं काहीही चुकलं नव्हतं. मला माफ कर.